सहाव्या इनिंगला पिचर का काढला?

पत्राचा सारांश: पत्रलेखक मूळचे सांगलीचे. २००४ पासून शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतात. तिथे गेल्यावर पुढच्याच वर्षी, २००५ साली, शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, जिंकली आणि क्रिकेटवर पोसलेल्या या माणसाला बेसबॉलचं वेड लागलं. ते लिहितात, "२०२३ मध्ये १०१ पराभव, २०२४ मध्ये १२१, २०२५ मध्ये १०२. हरणं मी सोसतो. पण चांगला चाललेला पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) नवांपैकी सहाव्या इनिंगला काढून मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) हातातला सामना घालवतो तेव्हा माझं डोकं फिरतं. मॅनेजर पेद्रो ग्रिफोलची हकालपट्टी झाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले, पण फरक काहीच पडला नाही. आताच्या विल व्हेनेबलवरही माझा विश्वास नाही. या माणसांबद्दल मी ऑनलाइन जे लिहितो ते बायकोने वाचलं आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मुलगा १४ वर्षांचा आहे, शाळेच्या संघात पिचर. पूर्वी शेजारी बसून सामने बघायचा, आता सामना लागला की खोलीत जातो. गेल्या मोसमात त्याच्या कोचने त्याला चौथ्या इनिंगला काढलं तेव्हा मी जाळीपलीकडून ओरडलो. त्याचं कोपर दुखत होतं हे नंतर कळलं, त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवा मोसम तोंडावर आला आहे. हा संघ सोडून द्यावा का? की सरळ शिकागोच्याच दुसऱ्या संघाचा, कब्सचा चाहता व्हावं?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात मॅनेजरबद्दल पानंच्या पानं आहेत आणि मुलाच्या कोपराबद्दल दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं.

वाढत्या वयातल्या पिचरचं कोपर दुखणं ही 'खेळताना होतंच' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. या वयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग अजून कच्चा असतो आणि पुन्हा पुन्हा चेंडू फेकण्याचा ताण नेमका तिथेच येतो. आता दुखत नसलं तरी मोसमाआधी त्याला मुलांच्या हाडांच्या किंवा खेळातल्या दुखापतींच्या डॉक्टरकडे न्या. मेजर लीग बेसबॉल (तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून मुलांसाठी 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक मर्यादा आखली आहे. त्यानुसार १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकायचे. ५१ ते ६५ टाकले तर पुढे तीन दिवस विश्रांती, ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस. ज्यांची मुलं शाळेच्या संघातही खेळतात आणि उन्हाळ्यात क्लबकडूनही, त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. प्रत्येक कोच आपल्याकडचे चेंडू मोजतो, एकूण हिशेब घरच्यांनाच ठेवावा लागतो.

त्याने दुखणं लपवलं याचं कारण तुम्ही 'या वयातली मुलं अशीच' असं दिलं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या घरात गेले तीन उन्हाळे पिचरला बाहेर काढणं म्हणजे अन्याय, मूर्खपणा, पिचरचा अपमान असं मोठ्या आवाजात ऐकू येतं, त्या घरातला पिचर कोचला कसं सांगेल की मला काढा? तुम्ही ग्रिफोलवर ओरडत होतात, ऐकत होता तो. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला पटतं. म्हणूनच ते त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. एका निवांत वेळी स्पष्ट सांगा की दुखत असताना मैदान सोडणं यात कमीपणा नाही, आणि तू बाहेर आलास तर मी कुणावर ओरडणार नाही. मोसम सुरू झाल्यावर त्याच्या कोचलाही भेटा आणि मुलासमोरच माफी मागा. त्या दिवशी त्या कोचने योग्य तेच केलं होतं. कदाचित त्याला मुलाच्या हातात काही दिसलं असेल, कदाचित तो फक्त चेंडू मोजत असेल.

आता मॅनेजरकडे वळू. तुमचं म्हणणं असं की चांगला चाललेला पिचर काढणं चूक, आणि हे कुणालाही कळतं. यावर मी तुम्हाला दोन सामने आठवायला सांगेन.

२००३, अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) अंतिम मालिकेचा सातवा सामना, यँकी स्टेडियम. आठव्या इनिंगला बॉस्टन रेड सॉक्स ५-२ ने पुढे. पेद्रो मार्टिनेझचे शंभरावर चेंडू टाकून झालेले, यँकींच्या हिट (बेस मिळवून देणारे फटके) सुरू झालेल्या. मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर गेला, मार्टिनेझशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परतला. यँकींनी बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगला एरन बूनच्या होमरनने सामना नेला. लिटलचा करार पुढे वाढवला गेला नाही.

२०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल डॉजर्सच्या फलंदाजांना उभं राहू देत नव्हता. ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), १-० ची आघाडी. सहाव्या इनिंगला त्याला दुसरी हिट बसली आणि मॅनेजर केव्हिन कॅश त्याला काढायला बाहेर आला. आत आलेल्या निक अँडरसनला मूकी बेट्सने डबल (दोन बेस मिळवणारा फटका) मारला, बघता बघता आघाडी गेली आणि ३-१ ने जिंकून डॉजर्स विजेते झाले.

एकाने ठेवला, एकाने काढला. दोघांनाही अजून बोल लावले जातात. स्नेलच्या बाबतीत कॅशने घाई केली असं माझंही मत आहे, कारण पुढच्या तिन्ही फलंदाजांना स्नेलने त्या रात्री दोन-दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. तरीही त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून कॅशचीच निवड झाली, कारण रेज तिथवर पोचले होते ते याच पद्धतीने, पिचर वेळेआधी बदलत. निर्णय घेताना मॅनेजरच्या हातात जे असतं ते आणि निकाल लागल्यावर आपल्या हातात जे असतं ते, यात फार अंतर आहे. तुम्ही पत्रात दिलेली सगळी उदाहरणं हरलेल्या सामन्यांची आहेत. सहाव्या इनिंगला पिचर बदलला आणि सामना राखला, असेही सामने या तीन वर्षांत झाले असणार. त्या रात्री आपण टीव्ही बंद करून झोपायला जातो, म्हणून ते आठवत नाहीत.

तुमच्या रागाची एक मुळी मला क्रिकेटमध्येही दिसते. आपल्याकडे कर्णधार गोलंदाजाला चार षटकांनंतर थांबवतो आणि वाटलं तर संध्याकाळी नव्या चेंडूवर परत आणतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊच शकत नाही. त्यामुळे प्रत्येक बदल कायमचा असतो आणि बघणाऱ्याला तो टोकाचा वाटतो. दुसरीकडे, 'जम बसलेला फलंदाज' ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज तसाच असतो. त्याने त्या रात्रीचे त्या पिचरचे सगळे चेंडू पाहिलेले असतात. तिसऱ्या फेरीत फलंदाजांची कामगिरी सुधारते हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून दिसलं आहे, म्हणून पाचव्या-सहाव्या इनिंगला मॅनेजर अस्वस्थ होतो.

शिवाय संघात २६ खेळाडू, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पाच जण आळीपाळीने सामना सुरू करणारे, उरलेले आठ बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्यात मधे उतरण्यासाठी राखीव. त्यांतले दोन-तीन आदल्या दोन रात्री टाकून थकलेले असतात आणि हे टीव्हीवर दिसत नाही. २०२० पासून नियम असा की आत आलेल्या पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरं जायचं किंवा ती इनिंग संपवायची. एका डावखुऱ्या फलंदाजापुरता डावखुरा पिचर आणायचा आणि लगेच काढायचा, ही जुनी सोय गेली. 'त्याला का नाही आणला?' असं आपण पडद्यासमोर विचारतो तेव्हा तो उपलब्ध होता का, हे आपल्याला माहीत नसतं.

तुम्ही २००५ चा दाखला दिला आहे, की आपले पिचर तेव्हा पूर्ण सामना टाकायचे. एंजल्सविरुद्धच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत मार्क बर्ली, जॉन गार्लंड, फ्रेडी गार्सिया आणि होसे कॉन्ट्रेरास या चौघांनी लागोपाठ चार सामने अखेरपर्यंत टाकले, हे खरं आहे. पण ते तेव्हाही अचंबा करण्यासारखं होतं, आजच्या घडीला तर पूर्ण सामना टाकणारा पिचर क्वचितच दिसतो. तुमची या खेळाशी पहिली ओळखच त्याच्या एका दुर्मिळ उंचीवर झाली, आणि ८८ वर्षांनी आलेल्या विजेतेपदाच्या आनंदात झाली. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्या ऑक्टोबरशी रोजच्या सामन्याची तुलना केली तर कुठलाच मॅनेजर टिकणार नाही.

व्हाइट सॉक्सचा तेव्हाचा पिचर गॅरेट क्रोशे याच्याबद्दल तुम्ही फार तळमळून लिहिलंय. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याला चार इनिंगनंतर बाहेर बोलावलं जायचं तेव्हा घरात रिमोट आपटला जायचा, असं. क्रोशेच्या कोपरावर एप्रिल २०२२ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची) झाली होती. २०२३ च्या मोसमात तो मेजर लीगमध्ये जेमतेम तेरा इनिंग खेळला. त्याआधी त्याने इथे कधी सामना सुरूच केला नव्हता. २०२४ मध्ये त्याने ३२ सामने सुरू केले, १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट घेतले. एका वर्षात हातावर इतका भार वाढल्यावर मोसमाच्या उत्तरार्धात त्याला जपणं भाग होतं. आणि सामना आधीच हरत चाललेल्या संघासाठी त्याचा हात पणाला लावून मिळणार तरी काय होतं? डिसेंबरमध्ये त्याच्या बदल्यात बॉस्टनकडून चार तरुण खेळाडू आले, त्यांतले काइल टील आणि चेस माइड्रॉथ २०२५ मध्येच शिकागोकडून खेळले. क्रोशेने बॉस्टनसाठी २०२५ मध्ये दोनशेवर इनिंग टाकल्या. रिमोट आपटण्याच्या त्या संध्याकाळी तुमचा मुलगा बघत होता का, हे मला माहीत नाही. पण एका शस्त्रक्रिया झालेल्या कोपराची काळजी घेतली जाते आहे, हे बापलेकांनी एकत्र बघण्यासारखं होतं.

हे निर्णय एकटा मॅनेजर घेतो, हेही मला तपासून बघावंसं वाटतं. कुठल्या पिचरने किती टाकायचं याची आखणी आज वरच्या कार्यालयात होते. आकडे बघणारे, पिचिंग कोच, डॉक्टर, जनरल मॅनेजर असे सगळे त्यात असतात. रात्री डगआउटच्या (संघाच्या बसण्याच्या जागेच्या) पायरीवर कॅमेऱ्यासमोर उभा असतो तो मात्र मॅनेजर. ग्रिफोलला ८ ऑगस्ट २०२४ ला काढलं, लागोपाठ २१ पराभवांची माळ नुकतीच तुटली होती. तोवर त्या मोसमात २८ विजय आणि ८९ पराभव. नंतर हंगामी मॅनेजर ग्रेडी साइझमोरच्या हाताखाली १३ विजय आणि ३२ पराभव. किंचित सुधारणा, पण संघ तोच होता. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने ५०७ धावा केल्या, मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, म्हणजे सामन्याला साधारण तीन. सामन्याला तीन धावा करणाऱ्या संघाचा मॅनेजर पिचर कधीही बदलो, सामना हातात राहणं कठीणच.

ग्रिफोल निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. त्याला जायलाच हवं होतं असं मलाही वाटलं. पण ज्यांनी २०२१ मध्ये ९३ सामने जिंकलेल्या संघाची दोन-तीन वर्षांत ही अवस्था होऊ दिली, ज्यांनी योग्य वेळी पैसा ओतला नाही, त्यांच्यावरचा तुमचा राग खरा आहे आणि तो तुम्ही डगआउटपाशीच खर्च करून टाकता. मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून आहेत. या क्लबने कुणाही खेळाडूला दिलेला सर्वांत मोठा करार म्हणजे अँड्र्यू बेनिंटेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. मोठ्या शहरातल्या क्लबसाठी ही रक्कम फारच तोकडी आहे. मैदानात 'सेल द टीम' (संघ विका) अशा घोषणा उठल्या त्या याच जाणिवेतून. तुम्हाला निषेध करायचा असेल तर तो तिथे पोचू द्या. सीझन तिकीट घेत असाल तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते क्लबला सभ्य भाषेत लिहून कळवा. दरवर्षी पैसे भरायचे आणि शिव्या मात्र पगारी मॅनेजरला द्यायच्या, याने वरच्या कुणालाच त्रास होत नाही.

ऑनलाइन लिखाणाबद्दल मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. तुम्ही पाठवलेले दोन-तीन नमुने वाचले. त्यांत निर्णयावर टीका नाही, माणसाच्या घरच्यांचा उद्धार आहे. लिअम हेंड्रिक्स आठवतो ना? तुमच्याच संघाचा क्लोजर (सामन्याची अखेर सांभाळणारा पिचर), कर्करोगावर उपचार घेऊन मे २०२३ मध्ये माउंडवर परतला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं होतं. दोन वर्षांनी बॉस्टनकडून खेळताना त्याने जाहीरपणे सांगितलं की त्याला आणि त्याच्या पत्नीला धमक्या येतात, कर्करोगाने मेला असतास तर बरं, असं लोक लिहितात. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी उभं राहून टाळ्याही वाजवल्या असतील. जे लिहिलंय ते काढून टाका आणि तसं पत्नीला सांगा. तिने बोलणं टाकलं ते सामन्यांमुळे नाही, तुमचं हे रूप तिने पहिल्यांदा लेखी पाहिलं म्हणून.

मुलाला परत शेजारी बसवायचं असेल तर सामना बघण्याची पद्धत बदलावी लागेल. कागदावर स्कोअरकार्ड भरायला लागा, पेन्सिलने, प्रत्येक फलंदाजाची नोंद करत. हात कामात असला की तोंड आपोआप शांत राहतं, आणि कोण तिसऱ्यांदा समोर येतोय हे तुमच्याच कागदावर दिसतं. मग पाचवी इनिंग संपली की दोघांनी आपापला निर्णय लिहायचा: पिचर ठेवायचा की काढायचा, काढायचा तर कुणाला आणायचं आणि का. मॅनेजरने काही करायच्या आधी लिहायचं, नंतर बदलायचं नाही. दुसऱ्या दिवशी बसून बघा कुणाचं कारण टिकलं, निकाल काहीही लागलेला असो. मुलगा स्वतः पिचर आहे, तुमच्यापेक्षा त्याला बरंच काही आधी दिसेल. चेंडूचा वेग उतरला, खांदा खाली यायला लागला, हे त्याला विचारा. त्याने पहिल्या आठवड्यात नाही म्हटलं तर आग्रह करू नका, तुम्ही एकटे भरत राहा.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांना आवडेल. नोआ शुल्ट्झ हा उंचपुरा डावखुरा पिचर २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) व्हाइट सॉक्सने ओस्वेगो ईस्ट हायस्कूलमधून घेतला, म्हणजे तुमच्या उपनगरांतलाच पोरगा. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरावर, त्यालाही मोजून, थोड्या थोड्या इनिंग देत वाढवलं. क्लब आपल्या तरुण पिचरना कसं हाताळतो हे मुलाबरोबर वर्षभर बघत गेलात तर मेजर लीगमधल्या सहाव्या इनिंगचाही अर्थ लागत जाईल.

आता तुमचा मूळ प्रश्न, संघ सोडावा का. सोडलात तर कुणाचंही देणं लागत नाही. चाहत्याने काही शपथ घेतलेली नसते आणि तीन मोसमांत तीनशेवर पराभव बघितलेल्या माणसाला कुणी गद्दार म्हणू नये. पण या मोसमाच्या तोंडावर, रागात ठरवू नका. एप्रिल आणि मे महिन्यात मुलाचे सामने आधी, व्हाइट सॉक्स नंतर, तेही जमलं तर रेडिओवर. आठवड्यातले दोन-तीन सामने पुरेत. मोसमातल्या १६२ पैकी प्रत्येक सामना बघणं ही निष्ठा नव्हे, त्या सवयीनेच तुमच्या संध्याकाळी खाल्ल्या आहेत. जुलैत ऑल-स्टार सामन्यांची सुट्टी येते, तेव्हा पुन्हा विचार करा. तोवर शांतपणे बघता आलं असेल तर संघ ठेवा. नसेल, तर निदान एक वर्ष बेसबॉलच बाजूला ठेवा. कब्सकडे जायला माझी ना नाही, मैदान सुंदर आहे आणि संघही बरा आहे. मात्र कब्सच्या रिग्ली फील्डवरही पिचर सहाव्या इनिंगलाच काढतात, तेव्हा आधी स्कोअरकार्ड भरायला शिका आणि मग जायचं तर जा.